कॅव्हन्साइट : एका निळ्या खनिजाची पारख

आपल्या काल्हेर परिसरातील काळ्या पाषाणाच्याच जातीचा पाषाण पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत आहे. त्याच्या पोकळ्यांत, शुभ्र स्टिल्बाइटावर, निळीचे गेंद ठेवावेत तसे कॅव्हन्साइटाचे स्फटिक आढळतात. हे दुर्मिळ खनिज प्रथम अमेरिकेतील ऑरेगन प्रांती सापडले. कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिकेट यांवरून त्यास नाव मिळाले. निळाई व्हॅनेडियमची होय.

परंतु केवळ रंगावर विसंबू नये. ताम्रयुक्त अझुराइटही निळेच असून काठिण्यही जवळजवळ तेवढेच. मात्र अझुराइटाचे विशिष्टगुरुत्व ३.८, तर कॅव्हन्साइटाचे सुमारे २.३. शिवाय सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने अझुराइट फसफसते, कॅव्हन्साइट नाही.

खडीयंत्रात भरडलेला स्फटिक कोणत्याही विद्येने पुन्हा जुळत नाही. म्हणून ओळख आधी असावी, हातोडा मागून.