वीटभट्टीवरचीं मुलें आणि चित्रपटकला

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या प्रथमाध्यायांत अशी कथा आहे, कीं ज्यांस वेदश्रवणाचा अधिकार नव्हता त्यांच्याही उपयोगीं पडावा म्हणून ब्रह्मदेवानें नाट्याचा पांचवा वेद निर्माण केला. त्यास विशेषणच 'सार्ववर्णिक' असें योजिलें आहे. ही कथा आपण मोठ्या अभिमानानें सांगतों. परंतु या वेदाची पाठशाळा आज कोणास उघडी आहे, हें फारसें कोणी विचारीत नाहीं.

आमच्या खडवलीस भातसेच्या कांठीं सहलीस पुष्कळ मंडळी येते. प्रत्येकाच्या हातीं मोबाइल असतो, आणि नदींत डुंबणारीं कातकऱ्यांचीं पोरें त्यांत सहज टिपलीं जातात. चित्रांत हीं मुलें आहेत. चित्र घेणारांत मात्र नाहींत. दिवाळी सरली, कीं ठाणें-रायगडकडील कितीएक कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात, तीं पावसाळ्याच्या तोंडीं परततात. मुलांची शाळा मध्येंच सुटते. अशांस चित्रपट शिकवावा, असें म्हणतांच आपल्यांतील विचारी माणसेंही म्हणतील, "आधीं अक्षरओळख तर होऊं द्या!"

आम्हांस हा क्रम पटत नाहीं. कोल्हापुरास बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत व्ही. शांताराम पडेल तें काम करीत शिकले. दामले, फत्तेलाल हेही तेथलेच. 1929 सालीं त्यांनीं 'प्रभात' काढली. त्याच प्रभातच्या पुण्यांतील जागेंत 1960 सालीं सरकारी चित्रपटसंस्था उभी राहिली. कंपनीनें पदवी विचारली नव्हती. संस्थेच्या बहुतेक अभ्यासक्रमांस ती लागते.

पदवीपर्यंत पोंचलेल्याचें काय होतें, तें नागराज मंजुळे यांच्याकडे पाहावें. करमाळा तालुक्यांतील जेऊरच्या वडार कुटुंबांतला हा मुलगा. अहमदनगरच्या (आतां अहिल्यानगरच्या) न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयांत शिकत असतां अभ्यासाचाच भाग म्हणून त्यांनीं 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि 2013 सालीं 'फँड्री' आला. 'पिस्तुल्या' ही शाळेची ओढ लागलेल्या गरीब पोराची गोष्ट आहे, हें अक्षरओळखवाल्यांनीं ध्यानांत घ्यावें.

मग भट्टीवरच्या मुलांस शिकवावयाचें कसें? आमच्या मतें यंत्र पहिल्याच दिवशीं हातीं द्यावें, पण काम एकच सांगावें : माती कालवण्यापासून वीट गाडींत चढेपर्यंतची हकीकत दहा चित्रांत दाखवा, बोलणें नको. कोणतें चित्र आधीं, कोणतें मागून, कोणतें गाळावें, यावरून मुलें भांडूं लागलीं, कीं संकलनाचा पहिला धडा झाला. दहाचीं वीस चित्रें होतांच कोणतें कोठें हें लक्षांत राहीनासें होतें, आणि मग लिहून ठेवण्याची गरज तींच काढतात. अक्षर तेथें येतें, व मागितलेलें येतें.

यंत्राची अडचण नाहीं. आपल्या एकेका घरांतल्या कपाटांत वापरांतून गेलेले दोन-तीन मोबाइल सहज निघतील. अडचण वेळेची आहे. वर्ग गांवांत भरवून उपयोग नाहीं, तो भट्टीवरच न्यावा लागेल. आणि तोही दिवस मावळल्यावर, कारण दिवसा त्या मुलांचे हात ओल्या विटा उलटण्यांत गुंतलेले असतात.