कौटुंबिक हिंसेची नोंद आणि पर्यवेक्षकाचे शिक्षण

कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणात पर्यवेक्षकापुढे पीडित स्त्री क्वचितच येते. येते ती समाजकार्यकर्तीने लिहिलेली नोंद. तेव्हा पर्यवेक्षकाचे शिक्षण हे प्रथमतः वाचनाचे शिक्षण होय.

१९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला, आणि पोलिसांच्याच आवारात स्त्रीचे म्हणणे ऐकणारी समाजकार्यकर्ती बसू लागली. पुढे २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. संरक्षण अधिकाऱ्याने अगर सेवा पुरविणाऱ्या संस्थेने पाठविलेला घटना अहवाल दंडाधिकाऱ्यास विचारात घ्यावा लागतो. साहजिकच नोंदीतील एकेका शब्दाला वजन आले.

भिवंडीत ही गोष्ट विशेष बिकट होते. यंत्रमागांच्या या शहरात उर्दू, हिंदी, भोजपुरी, तेलुगू बोलणारी कुटुंबे राहतात. आसपासच्या खेड्यांत आगरी बोली आहे. स्त्रीचे बोलणे कार्यालयीन मराठीत उतरविताना काय घडू शकते हे पाहण्यासारखे आहे. ‘उसने हाथ उठाया’ म्हणजे त्याने मारले. याचे ‘हात उगारला’ असे भाषांतर केले की प्रहाराची केवळ धमकी होते. ‘मारहाण झाली’ असे लिहिले तर मारणाराच वाक्यातून नाहीसा होतो. ‘खर्चा नहीं देता’ याचे ‘खर्चावरून वाद’ झाले, की कायद्याच्या तिसऱ्या कलमातील आर्थिक छळ दोघांच्या भांडणात विरून जातो. कांड्या भरून मिळविलेली मजुरी घरच्यांनी हिसकावून घेणे हाही त्याच कलमाचा विषय. पण ‘शारीरिक व मानसिक छळ’ या ठरीव शब्दप्रयोगात तो सामावत नाही.

सर्वांत फसवे क्रियापद मात्र अस्सल मराठी आहे: नांदणे. ‘समजूत घातली, अर्जदार नांदावयास गेली’ या वाक्याने अनेकदा प्रकरण मिटले असे मानले जाते. समजूत कोणाची घातली? तिची, की मारणाऱ्याची? ती स्वेच्छेने गेली काय, कोणत्या हमीवर गेली, पुन्हा भेट केव्हा ठरली? हे प्रश्न न विचारता महिनाअखेर समेटांची संख्या मोजणारा पर्यवेक्षक हिशेबनीस ठरतो. (नोंदीतील ऱ्हस्वदीर्घ तपासण्यात रमणाराही याहून फारसा उपयोगी नव्हे.)

म्हणून प्रशिक्षणात स्त्रीचे मूळ बोल तिच्याच भाषेत एका बाजूस व नोंद दुसऱ्या बाजूस ठेवून वाचण्याचा सराव असावा. कोणी, कशाने, केव्हा, कोणाच्या देखत, यांपैकी काय गळले हे प्रशिक्षणार्थीने स्वतः शोधावे.

ॲल्फ्रेड कडुशिन यांनी १९७६ मध्ये प्रशासन व शिक्षण यांच्या जोडीला आधार हेही पर्यवेक्षणाचे अंग मानले, ते येथे लक्षात घ्यावयास हवे. ठरीव शब्द नेहमीच आळसातून येतात असे नाही. दिवसामागून दिवस मारहाणीची वर्णने ऐकणारी कार्यकर्ती तपशील टाळू लागते, तेव्हा ती थकलेली असते. अशा नोंदीवर लाल शेरा मारण्यापूर्वी त्या आठवड्यात तिच्याकडे किती प्रकरणे आली होती, हे पर्यवेक्षकाने विचारावे.