उंदराला कळलेली पेशी

पाटोद्याकडचा एखादा एचआयव्हीबाधित रुग्ण बीडच्या एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरील उपचारांच्या, केंद्रात जातो. शिरेतून थोडे रक्त काढतात आणि अहवालावर एक आकडा येतो: सीडी४, समजा ३१२. अंगात लढण्याची ताकद किती उरली, ते हा आकडा सांगतो. पण तो काढतात कसा? ती हकिकत इतकी अद्भुत आहे की भेटेल त्याला सांगावीशी वाटते.

रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारण ५० लाख तांबड्या पेशी असतात आणि ४ ते ११ हजार पांढऱ्या. त्यांत सीडी४ पेशी, म्हणजे एका प्रकारच्या टी पेशी, निरोगी माणसात ५०० ते १५००. त्या वेगळ्या कशा काढायच्या? सूक्ष्मदर्शकाखाली त्या आणि त्यांच्या शेजारच्या, बाधित पेशींना मारणाऱ्या दुसऱ्या टी पेशी अगदी एकसारख्या दिसतात. फरक आहे तो आवरणावर. तिथे सीडी४ नावाचे एक प्रथिन उभे असते आणि ते बाहेरचे संकेत पकडते. ते इतके बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही.

मग ते ओळखले कोणी? उंदराने!

माणसाच्या पेशी उंदराला टोचल्या की त्याचे शरीर त्यांना परके ठरवते आणि त्यांच्यावरच्या अनोळखी प्रथिनांना चिकटणारी प्रतिपिंडे बनवू लागते. इंग्रजी वाय अक्षरासारखी ही प्रतिपिंडे एका केसाच्या जाडीत हजारोंनी मावतील. गंमत अशी, की उंदराच्या प्लीहेतली एक बी पेशी एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनवते. म्हणजे नेमकी हवी ती पेशी निवडून वाढवली की काम झाले. पण बशीत ती थोड्याच दिवसांत मरते. १९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टीन यांनी बी पेशीचा कर्करोगाच्या पेशीशी संकर केला. एकीला प्रतिपिंड बनवता येते, दुसरी मरायचे नाव घेत नाही. संकरित पेशीत दोन्ही गुण उतरले. १९८४ चे नोबेल त्यांना मिळाले, आणि त्याहून योग्य नोबेल मला तरी चटकन आठवत नाही. सीडी४ ओळखणारे ‘ओकेटी४’ हे प्रतिपिंड १९७९ साली जाहीर झाले. तो उंदीर केव्हाच गेला, पण त्याच्या पेशीचा वंश आजही जिवंत आहे.

आता मोजणी. धनगर आपल्या मेंढ्यांच्या पाठीवर रंग ओढतो आणि वाघुरातून एकेक मेंढी बाहेर सोडत मोजतो ना, नेमके तेच इथे घडते. प्रतिपिंडाला आधीच चमकणारा रंग जोडलेला असतो. तो रक्तात मिसळला की सीडी४ असलेल्या पेशी रंगतात. मग फ्लो सायटोमीटर नावाचे यंत्र पेशींना एकामागून एक लेझरच्या झोतासमोरून नेते, सेकंदाला हजारोंच्या वेगाने, आणि चमकेल ती पेशी मोजते. यातला एक लोकप्रिय रंग समुद्रातल्या लाल शेवाळापासून मिळतो! मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींवरही थोडे सीडी४ असते, म्हणून टी पेशींची खूण पटवायला त्यांच्यावरच्या सीडी३ या प्रथिनाचे प्रतिपिंडही सोबत घालतात.

पण खरा चमत्कार पुढे आहे. १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांना गूढ आजाराचे तरुण रुग्ण भेटले. याच जातीच्या प्रतिपिंडांनी त्यांचे रक्त तपासले, तर सीडी४ पेशी जवळजवळ नाहीशाच. या आजाराचा विषाणू, म्हणजे एचआयव्ही, नेमक्या याच पेशींत कसा शिरतो? १९८४ मध्ये लंडनच्या संशोधकांनी १५५ निरनिराळी प्रतिपिंडे घेतली आणि कोणते विषाणूला अडवते ते पाहिले. सीडी४ला चिकटणारी चौदाच्या चौदा प्रतिपिंडे अडवत होती. त्याच वेळी पॅरिसमधल्या गटालाही तेच आढळले. म्हणजे संकेत पकडणारे हे प्रथिनच विषाणूची शिरायची जागा होते! पेशी मोजायच्या साधनानेच रोगाचे मर्म दाखवले.

दोनच वर्षांनी, १९८६ मध्ये, चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या चमूने भारतातले पहिले एचआयव्ही रुग्ण शोधले. त्या माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या. आपल्याकडे २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत औषधे मिळू लागली, तेव्हा ती कधी सुरू करायची हे बहुतेकदा सीडी४च्या आकड्यावर ठरे. २०१७ पासून तेवढी वाट पाहावी लागत नाही. निदान होताच उपचार सुरू होतात. सीडी४ची तपासणी मात्र आजही करतात, कारण आकडा फार खाली असेल तर इतर संसर्गांपासून जपावे लागते.

एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी, केंद्रात मोफत होते आणि नाव गुप्त राखणे कायद्याने बंधनकारक आहे. शंका असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा, आणि तपासणी लांबवू नका.