पिवळ्या पोस्टकार्डाचं गणित

अमेरिकेत घरमालकांच्या टपालपेटीत कधीकधी एक पिवळंजर्द पोस्टकार्ड पडतं: ‘तुमचं घर आहे त्या स्थितीत, रोखीनं विकत घेतो.’ अक्षर हातानं लिहिल्यासारखं, पण असतो छापील फॉन्ट. कार्डाला लिफाफ्यापेक्षा टपालखर्च कमी, आणि मजकूर न फोडताच नजरेस पडतो.

खरी मेख पत्त्यांच्या यादीत आहे. तिथल्या काउंटीच्या मालमत्ता-नोंदी बहुतेक ठिकाणी सर्वांना खुल्या असतात. त्यांतून परगावी राहणारे मालक, कर थकलेले, वारसाहक्कानं घर मिळालेले असे लोक वेचायचे. थोडक्यात, ज्यांना विकायची निकड असू शकते ते. बहुतेक कार्डं केराच्या टोपलीत जातात, म्हणून त्याच पत्त्यावर ती पुन्हापुन्हा धाडतात.

भाव ठरवण्याचा धंद्यातला ठोकताळा असा: दुरुस्तीनंतर घर २ लाख डॉलरला जाणार असेल, तर त्याचे ७० टक्के म्हणजे १ लाख ४० हजार. त्यातून दुरुस्तीचे, समजा, ३० हजार वजा. मालकाला देऊ करायचे १ लाख १० हजार. कित्येकदा हा ‘खरेदीदार’ घर घेतच नाही; करारच तिसऱ्याला विकून मधला नफा खिशात घालतो. बाजारभाव ठाऊक नसलेला म्हातारा मालक यात सहज नाडला जातो. फिलाडेल्फिया शहरानं तर अशा मध्यस्थांना परवाना सक्तीचा केला आहे.