सहा वर्षांच्या मुलाचं एक मत

जिम नावाच्या मुलाने जॅकच्या सायकलचे पेडल काढले आणि आपल्या सायकलला लावले. मित्रांबरोबर सुट्टीच्या सहलीला जायचं होतं आणि त्याची स्वतःची सायकल नादुरुस्त होती. जॅकने तक्रार केली. प्रकरण मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलं नाही. शनिवारी रात्री सगळी शाळा एकत्र बसे, त्या सभेत ते आलं. साक्षीपुरावे ऐकून सभेने ठरवलं, की जिमने पेडल परत बसवून द्यावेत आणि सहलीला जाऊ नये. कुणाची हरकत आहे का, असं अध्यक्षाने विचारताच जिम ताडकन उभा राहिला. ती सायकल कितीतरी दिवस झुडपांत पडून होती, जॅक ती वापरतो हेच मला माहीत नव्हतं. पेडल बसवून देतो, पण सहल रद्द करणं अन्यायाचं आहे, असं त्याचं म्हणणं होतं. चर्चा पुन्हा पेटली. बोलता बोलता कळलं, की जिमला घरून दर आठवड्याला येणारे पैसे सहा आठवडे आलेलेच नाहीत. सायकल दुरुस्त करायला त्याच्याकडे दमडी नव्हती. सभेने शिक्षा मागे घेतली. मग जिमच्या सायकलचं काय करायचं, हा प्रश्न उरला. वर्गणी काढायचं ठरलं, सायकल दुरुस्त झाली आणि जिम सहलीला गेला.

इंग्लंडमधल्या समरहिल शाळेचे संस्थापक ए. एस. नील यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘समरहिल’ या पुस्तकात हा प्रसंग सांगितला आहे. मुलांच्या दयाळूपणाचं कौतुक म्हणून तो वाचता येतो. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. सभेचा पहिला निकाल अपुऱ्या माहितीवर दिलेला होता आणि तो फिरवण्याची सोय त्याच सभेत, त्याच रात्री होती. आरोपीला बोलायला जागा होती, ऐकणाऱ्यांना मत बदलायला कमीपणा वाटत नव्हता. एखादा प्रेमळ मुख्याध्यापकही पहिल्या निकालावरच थांबला असता, आणि घरून पैसे न येण्याची गोष्ट कदाचित कुणालाच कळली नसती.

नील यांचा जन्म १८८३ साली स्कॉटलंडमध्ये फॉर्फर इथे झाला. वडील खेड्यातले शाळामास्तर. त्या काळच्या स्कॉटिश शाळांत चामड्याचा पट्टा हे शिक्षकाचं रोजचं हत्यार होतं. नील वडिलांच्याच हाताखाली उमेदवार शिक्षक झाले आणि तो पट्टा त्यांनीही चालवला. पुढे १९१७च्या सुमारास त्यांची होमर लेन या अमेरिकन माणसाशी गाठ पडली. डॉर्सेट परगण्यात लेन गुन्हेगार ठरवलेल्या मुलामुलींची एक वसाहत चालवत होते आणि तिथले नियम ती मुलंच करत होती. नील यांच्यावर या भेटीचा खोल परिणाम झाला. १९२१ साली जर्मनीत ड्रेस्डेनजवळ हेलेराऊ इथे त्यांनी सुरू केलेल्या शाळेपासून समरहिल आपलं वय मोजते. तिथून ऑस्ट्रियातला एक डोंगर, मग इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं लाइम रेजिस गाव, आणि १९२७ पासून सफोक परगण्यातलं लेस्टन, असा तिचा प्रवास झाला. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने इमारत ताब्यात घेतली तेवढी वर्षं शाळा वेल्समध्ये होती. बाकी जवळजवळ शंभर वर्षं ती लेस्टनमध्येच आहे. मुलं साठ-सत्तरच्या आसपास, बहुतेक तिथेच राहणारी. सहा वर्षांच्या चिमुरड्यापासून सोळा-सतरा वर्षांपर्यंतची ही मुलं आज निरनिराळ्या देशांतून येतात.

शाळेची माहिती सांगताना लोक आधी सांगतात, की इथे तासाला बसण्याची सक्ती नाही. ते खरंच आहे. वेळापत्रक शिक्षकांसाठी असतं. मुलाने जावं किंवा जाऊ नये. दुसऱ्या शाळांतून आलेली मुलं सुरुवातीला वर्गाकडे फिरकतच नाहीत. अभ्यासाची ही नावड फिटायला सरासरी तीन महिने लागतात, असा नील यांचा अनुभव होता. कॉन्व्हेंटमधून आलेल्या एका मुलीला तीन वर्षं लागली. पण या एका गोष्टीच्या चर्चेत सभा मागे पडते, आणि माझ्या मते शाळेचा कणा सभा हाच आहे. तास ऐच्छिक ठेवणं एखाद्या उदार माणसाच्या मर्जीने होऊ शकतं. सभेसाठी त्या माणसाला स्वतःचा अधिकार सोडावा लागतो.

सभेत प्रत्येकाला एक मत. सहा वर्षांच्या मुलालाही एक आणि नील यांनाही एकच. नील यांच्या काळात दर सत्राच्या आरंभी कोणत्या वयाने किती वाजता झोपायचं यावर मतदान होई. मग निवडणुका होत: खेळांची समिती, सत्र संपतानाच्या नाचाची समिती, नाटकगृह सांभाळणारे, मुलांना वेळेवर झोपवणारे अधिकारी आणि गावात कुणी शाळेची अब्रू घालवत असेल तर सभेला कळवणारे अधिकारी. यातली झोपेच्या अधिकाऱ्यांची जागा आजही आहे. मोठी मुलं या कामासाठी निवडून येतात, लहानांना रात्री झोपायला आणि सकाळी उठायला लावतात. शिवाय मध्यस्थ निवडलेले असतात. कुणी त्रास देत असेल तर आधी मध्यस्थाला गाठायचं. तो दोघांना समोरासमोर बसवतो. तिथे मिटलं नाही तरच प्रकरण सभेपुढे. शिक्षा साध्या असतात: ताकीद, थोडा दंड, जेवणाच्या रांगेत शेवटी उभं राहणं, जेवणानंतरचं गोड बंद. पुडिंग गमावणं आठ वर्षांच्या मुलाला चांगलंच झोंबतं, आणि दुसऱ्या दिवशी विषय संपलेला असतो.

सभा सगळंच ठरवत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. शिक्षकांची नेमणूक, फी, आरोग्य आणि आगीपासूनचं संरक्षण हे मोठ्यांच्या हाती. नील यांना ही सीमा लपवावीशी वाटली नाही, म्हणून मला तिच्याबद्दल विश्वास वाटतो. मुलांना सर्व अधिकार दिल्याचा आव आणायचा आणि अडचणीचा ठराव आला की मुख्याध्यापकांनी तो फिरवायचा, यापेक्षा काय तुमचं आणि काय आमचं हे आधी सांगितलेलं बरं. जे तुमचं, ते पूर्ण तुमचं.

याची कसोटी नील यांच्यावरच आली. त्यांचं ऑफिस दिवाणखान्याच्या वर होतं आणि खाली मुलं फुटबॉल खेळत. आवाजाने काम होईना, म्हणून दिवाणखान्यात फुटबॉल नको असा ठराव त्यांनी मांडला. काही मुली, थोडी मोठी मुलं आणि बहुतेक शिक्षक त्यांच्या बाजूने होते. ठराव पडला. शाळेचा संस्थापक खालचा धुडगूस ऐकत वर काम करत राहिला. नंतरच्या सभांमध्ये त्यांनी तो विषय पुन्हा पुन्हा आणला, आणि शेवटी एकदा बहुमत मिळालं. अल्पमतातल्या माणसाने आपलं म्हणणं मांडत राहायचं, हा रस्ता त्या मुलांनी मुख्याध्यापकालाच चालताना पाहिला. नागरिकशास्त्राच्या कुठल्या धड्यात हे इतकं उघड दिसेल?

सभा नेहमी शहाणी वागत असे असंही नाही. जेवण वाढताना कुणाला झुकतं माप मिळालं तर मुलं तुटून पडत, पण अन्न वाया जातं ही स्वयंपाकघराची तक्रार आली की कुणी फारसं लक्ष देत नसे. नील यांनी हेही लिहून ठेवलं आहे.

एरवीचे दिवस कसे जात? नील यांच्या वर्णनात आठवड्याचा एक ढाचा दिसतो. सकाळी तास, दुपार मोकळी, संध्याकाळी सुतारकाम, मातीकाम, चित्रं. सोमवारी गावातला सिनेमा, मंगळवारी मोठ्या मुलांशी आणि शिक्षकांशी मानसशास्त्रावर गप्पा, बुधवारी नाच, शुक्रवारी नाटकाच्या तालमी, शनिवारी सभा आणि सभेनंतर पुन्हा नाच. हिवाळ्यात रविवारची रात्र नाटकाची. भिंतींवर चेंडू मारून खेळायच्या स्क्वॉश कोर्टाचं तिथे छोटं नाटकगृह केलेलं होतं. नियम असा, की शाळेत लिहिलेलीच नाटकं करायची. पोशाख आणि देखावेही मुलांचेच.

नाटक नसेल तेव्हा उत्स्फूर्त अभिनय चाले. नील प्रसंग देत: ओव्हरकोट घाला, पुन्हा काढून खुंटीला लावा. फुलांचा गुच्छ उचला आणि त्यात काटेरी झुडूप हाताला लागू द्या. आई किंवा वडील गेल्याची तार उघडा. गाडी सुटेल या धाकात स्टेशनवर घाईघाईने जेवा. कधी ते स्वतः टेबलाशी बसून हार्विच बंदरातले पासपोर्ट अधिकारी होत. मुलांनी एकेक करून कल्पनेतला पासपोर्ट द्यायचा आणि त्यांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. रंगमंचावर यायला धीर लागतो, म्हणून सुरुवात ओव्हरकोटसारख्या बिनशब्दांच्या कामांनी होई. शनिवारच्या सभेत उभं राहून ‘मला हे मान्य नाही’ म्हणणाऱ्या मुलाला रविवारची ही सवय उपयोगी पडली असणार, असं मला वाटतं.

नील लेस्टनमध्ये स्थिरावत होते त्याच वर्षांत आपल्याकडे अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी छात्रालय सांभाळत होते. १९२४ ते १९३० हा त्यांच्या तिथल्या नोकरीचा काळ. मुलांसाठी ते हाताने लिहिलेलं ‘छात्रालय दैनिक’ काढत. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता आणि स्वभावही अगदी वेगळे. गुरुजींच्या वसतिगृहात मायेचा अंमल होता, मतदानाचा नव्हता. तरीही मुलं एकत्र राहतात तिथलं जगणं हेच शिक्षण, ही जाणीव दोन्हीकडे एकाच वेळी दिसते. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकवणारी गांधीजींची नई तालीम उभी राहिली. सेवाग्रामच्या शाळेत सफाई, स्वयंपाक, शेती ही कामं मुलं वाटून घेऊ लागली. आज आपल्या अनेक शाळांत विद्यार्थी मंत्रिमंडळ असतं. आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री शपथ घेतात, फोटो निघतो. पुष्कळ ठिकाणी ते काम इतकंच राहतं, की शिक्षकांनी सांगितलेलं बाकीच्या मुलांकडून करून घ्यायचं. त्या मंत्र्याला एखादा नियम बदलता येतो का, हे विचारलं की त्या मंत्रिमंडळाची खरी ताकद समजते.

समरहिलचं शिकवणं मात्र नेहमी वाखाणण्याजोगं नव्हतं. १९४९ साली सरकारी निरीक्षक आले. मुलांचा मोकळेपणा, वागण्यातला साधेपणा यांचं त्यांनी कौतुक केलं. पण काही विषयांत शिकवण्याच्या पद्धती जुन्या वळणाच्या आहेत आणि लहान मुलांना चांगल्या शिक्षकाची गरज आहे, असंही नोंदवलं. अध्यापनशास्त्रात नील यांना रस नव्हता, आणि ही उणीव माझ्या मते खरी आहे. मुलाने आपण होऊन तासाला यावं, तर तो तास येण्यालायक करणं ही शिक्षकाची जबाबदारी ठरते. नील यांनी तो अहवाल आपल्या पुस्तकात समाविष्ट केला.

१९५०च्या दशकाअखेरीस मुलं इतकी कमी झाली, की शाळा बंद पडते की काय अशी वेळ आली. मग ते पुस्तक अमेरिकेत गाजलं, आणि पाहुण्यांची रीघ लागली. १९७३ साली नील वारले. पत्नी एना यांनी शाळा चालवली आणि १९८५ साली मुलगी झोई रीडहेड यांनी सूत्रं घेतली.

मार्च १९९९च्या तपासणीनंतर सरकारने शाळेवर तक्रारीची नोटीस बजावली. शिक्षणमंत्री होते डेव्हिड ब्लंकेट. मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं नाहीत, असे मुद्दे त्यात होते. पण खरा घाव तासांच्या मोकळीकीवर होता. तो मानला असता तर शाळेचं फक्त नाव उरलं असतं. शाळेने अपील केलं. २० मार्च २००० रोजी लंडनच्या रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिसमध्ये सुनावणी सुरू झाली. शाळेच्या बाजूने जेफ्री रॉबर्टसन हे नामांकित वकील उभे होते. नजर ठेवण्याच्या शाळांची एक यादी सरकारदरबारी होती आणि तिच्यात समरहिलचं नाव होतं, हेही उघड झालं. चौथ्या दिवशी सरकारी पक्षाने तडजोडीचा प्रस्ताव ठेवला.

तो स्वीकारायचा की नाही, हे कोण ठरवणार? वकील, मुख्याध्यापिका, पालक सगळे हजर होते. प्रस्ताव सभेपुढे ठेवला गेला. शाळेतली मुलं त्या इमारतीतच होती. कोर्टाच्या दालनातच सभा भरली, अध्यक्ष बसला, कलमांवर प्रश्न आले, मतदान झालं आणि प्रस्ताव मंजूर झाला. तासांबद्दलची तक्रार गेली. पुढच्या तपासण्यांत शाळेचं तत्त्वज्ञान ध्यानात घ्यायचं, मुलांचं म्हणणं ऐकायचं आणि शाळेच्या बाजूचे जाणकारही सोबत ठेवायचे, असं ठरलं. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातलं बारावं कलम मुलांशी संबंधित बाबींत त्यांचं मत विचारात घ्या असं म्हणतं. १९८९चा हा करार भारताने १९९२ साली स्वीकारला. त्या कलमाचा इतका ठळक अंमल दुसरीकडे कुठे झाल्याचं माझ्या वाचनात नाही.

समरहिल फी घेणारी, निवासी शाळा आहे, आणि तिची नक्कल आपल्याकडे होणार नाही. साठ-सत्तर मुलांच्या एका वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकाला तिची गोष्ट सांगणं क्रूरपणाचंही वाटू शकतं. पण एक गोष्ट मला बोचते. समरहिलची सभा चालते, कारण अख्खी शाळा एका खोलीत बसते आणि प्रत्येकजण प्रत्येकाला नावाने ओळखतो. हा आकार आपल्या डोंगराळ भागांतल्या, वाड्या-पाड्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांचा आहे. दोन शिक्षक, पन्नास-साठ मुलं, कुठे वीसही नाहीत. पट कमी म्हणून या शाळा मोडीत काढाव्यात आणि मोठ्या समूह शाळा कराव्यात, अशी भाषा २०२३ पासून वारंवार ऐकू येते. पटसंख्येच्या हिशोबात या शाळा तोट्याच्या दिसतात. पहिलीतल्या मुलीपासून मुख्याध्यापकापर्यंत सर्वांना एका वर्तुळात बसवता येईल अशी हीच एक जागा आपल्याकडे उरली आहे, हे त्या हिशोबात कुठे येत नाही.

तिथे सभा सुरू करायला इमारत लागत नाही, निधी लागत नाही. शनिवारचा एक तास लागतो. मैदान कुणी केव्हा वापरायचं, पंगतीत वाढायला कोण, पुस्तकांच्या पेटीची किल्ली कुणाकडे, क्षेत्रभेटीला कुठे जायचं, मारामारी झाली तर काय करायचं: एवढे विषय मुलांकडे पूर्ण सोपवता येतात. गुरुजी आणि बाईंना प्रत्येकी एक मत. ठराव त्यांच्या मनाविरुद्ध गेला, तर पुढच्या शनिवारी पुन्हा मांडायचा.