टोमॅटोचे पैसे आणि भाच्याची कंपनी

मैत्रिणींनो, २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटला २,००० रुपयांच्या वर भाव गेला होता, ते तुम्हांला आठवत असेलच. जुन्नर-आंबेगावातल्या कितीतरी घरांत त्या वर्षी चार पैसे गाठीला आले. माझी एक मावसबहीण त्यांतलीच. कर्ज फिटले, विहिरीचे काम झाले, तरी दोन लाख उरले. ते तिच्या नावाने बँकेत ठेवले, लेकीच्या शिक्षणासाठी.

आणि मग मंचरहून भाऊ आला. बरोबर त्याचा मुलगा. पुण्यात इंजिनिअर झालेला, नोकरी सोडून मित्राबरोबर कंपनी काढतोय. "आत्या, तू दोन लाख घाल, पाच वर्षांत वीस होतील." इकडे मिस्टर म्हणतात, घालायचेच तर इन्फोसिस, टीसीएससारख्या दांडग्या कंपनीचे शेअर घे. माहेर एकीकडे, सासर एकीकडे, आणि मधे ही! रात्री मला फोन.

गंमत अशी, की इन्फोसिससुद्धा एके काळी भाच्याच्या कंपनीएवढीच होती, आणि निघाली तीही आपल्या पुण्यातच. १९८१ साली नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी ती काढली, तेव्हा सुधाताई मूर्तींनी साठवणीतले १०,००० रुपये काढून दिले. एवढी गोष्ट सगळ्या जणी सांगतात. पुढची कुणी सांगत नाही. सुधाताईंनी स्वतःची नोकरी चालूच ठेवली होती आणि घर त्या पगारावर चालत होते. ते दहा हजार बुडाले असते, तरी चूल पेटली असती. १९९३ साली कंपनीने ९५ रुपयांना शेअर लोकांपुढे मांडला, तेव्हाही, बारा वर्षे झालेली असूनसुद्धा, तो पुरता खपला नाही. आज मात्र जो तो म्हणतो, मी असतो तर घेतला असता!

बरे, त्याच सुमारास निघून बंद पडलेल्या कंपन्यांची नावे सांगा पाहू. एकही आठवत नाही ना?

बहिणीला मी घरचाच दाखला दिला. आपल्याकडे विघ्नहर नाहीतर भीमाशंकर साखर कारखान्याचा शेअर घरोघरी असतो. तो आपण भाव वाढेल म्हणून घेत नाही. ऊस जातो, दिवाळीला सवलतीची साखर येते, म्हणून घेतो. नव्या प्रायव्हेट कंपनीचा शेअर त्याहून अवघड. बाजारात नेऊन तो विकता येत नाही, आणि साखरही मिळत नाही! लेकीच्या फीच्या वेळी भाचा पैसे कुठून आणणार? ते यंत्रांत आणि पगारांत गेलेले असणार. मोठ्या कंपनीचा शेअर आज विकला, तर दुसऱ्या कामाच्या दिवशी व्यवहार पुरा होतो. पण म्हणून त्याला बँकेतली ठेव समजू नका हं. २००० च्या मार्चनंतर जी पडझड झाली, तीत इन्फोसिसचा भावसुद्धा निम्म्याहून खाली आला होता. पुढे वर्षांनी सावरला, पण ज्यांच्या मुलीची ॲडमिशन नेमकी तेव्हा होती, त्यांनी काय करायचे? फीचे पैसे म्हणूनच दोन्हीकडे नकोत, असे माझे मत पडले.

आमच्या घरी एकदा ओळखीच्या धंद्यात पैसे घातले होते. रोख. पावती म्हणून डायरीचे पान. धंदा बसला, पान अजून कपाटात आहे. तेव्हा बहिणीला मी बजावले, प्रायव्हेट कंपनीने नव्या शेअरसाठी रोख रक्कम घ्यायचीच नसते, कायद्यात तसे आहे. चेक आपल्या खात्यावरून द्यायचा. साठ दिवसांत शेअर मिळाले पाहिजेत, नाहीतर पैसे परत. आणि कागदावर नाव तुझे हवे, मिस्टरांचे नाही.

"भावाकडे कागद कसा मागू गं?" ती म्हणाली. खरा प्रश्न हाच होता, पैशांचा नव्हताच.

शेवटी तिने एक लाख सत्तर हजार ठेवीतच ठेवले आणि भाच्याला तीस हजारांचा चेक दिला. मिस्टरांच्या दांडग्या कंपन्या लेकीचे शिक्षण संपल्यावर. भाऊ दोन दिवस घुम्यासारखा होता. भाऊबीजेला आला, तेव्हा ओवाळणीच्या ताटात त्याने शेअरचा कागद ठेवला, आणि वर नेहमीचे एकशे एक रुपये.