आमच्या डॉक्टरला जीप हवी!

यंदा आमच्या घरात गणपतीपासून एकच विषय चालू होता. सकाळच्या चहाला तो, रात्रीच्या जेवणाला तो, आणि मध्येच कुणी पाहुणा आला तर त्याच्याही पानात तोच वाढला जायचा. डॉक्टरने जीप घ्यावी, की घेऊ नये?

डॉक्टर म्हणजे माझा धाकटा भाऊ. माणसांचा नव्हे, जनावरांचा डॉक्टर. मुंबईला परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकला आणि पदवी हातात पडताच सरळ आजऱ्याला परत आला. तेव्हापासून घरात त्याला नावाने कुणी हाक मारीत नाही. आईसुद्धा "डॉक्टर, जेवून जा रे!" असेच म्हणते. मी इथे महाविद्यालयात मराठी शिकवतो. कुणाची म्हैस अडली तर लोक त्याला मध्यरात्री उठवतात. कुणाचे वृत्त अडले म्हणून मला अजून कुणी उठवलेले नाही.

जीप हे खरे म्हणजे एका विशिष्ट गाडीचे नाव. पण आमच्याकडे उंच चाकांची, अंगाने चौकोनी आणि चिखलात घालायची जी गाडी, ती जीप. मग ती नाशिकला तयार झालेली असो, पुण्याला असो, नाहीतर आणखी कुठे.

वाचकांपैकी जे कोल्हापूरकडून आंबोलीच्या घाटाने सावंतवाडीला गेले असतील, ते बहुधा आजऱ्यावरून गेले असतील. हिरण्यकेशीच्या काठचे हे गाव. घनसाळ तांदळाचा वास आणि काजूची बोंडे या आमच्या दोन संपत्ती. त्या वाटेचा संकेश्वर-बांदा महामार्ग आता असा झाला आहे, की हातातल्या कपातला चहा हिंदकळू नये. तेव्हा जीप कशाला हवी, असे तुम्ही विचाराल. मीही तेच विचारीत होतो. पण डॉक्टरची गिऱ्हाइके महामार्गावर राहत नाहीत. ती राहतात डोंगराच्या कडेला, वाड्यांवर आणि धनगरवाड्यांवर. तिथली वाट तांबड्या मातीची, खाली जांभा, आणि वर आंबोलीच्या शेजाराने येणारा पाऊस. आंबोली हे महाराष्ट्रातल्या सर्वांत अधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक, हे सांगायला नकोच. २००२ सालापासून कर्नाटकातले रानहत्ती या मुलखात येऊ लागले. मला वाटते, आषाढात आमच्या तालुक्यात चारी पायांनी जोर लावून चिखलातून बिनदिक्कत जाणारे तेवढे एकच वाहन आहे.

आषाढातल्याच एका रात्री हे प्रकरण सुरू झाले. साडेनऊला फोन आला. एका धनगरवाड्यावर म्हैस अडली होती. दुपारपासून कळा देत होती आणि काही पुढे सरकत नव्हते. लक्षणे ऐकताच डॉक्टर म्हणाला, "पीळ पडलाय." म्हशीच्या गर्भाशयाला असा पीळ पडणे ही तशी नेहमीची आपत्ती. औषध लागत नाही, माणसे लागतात. म्हशीला आडवी पाडायची, पोटावर फळी ठेवायची, फळीवर एकाने उभे राहायचे आणि ज्या बाजूला पीळ असेल त्या बाजूला तिला लोळवायचे. पीळ सुटला की रेडकू बाहेर येते. मात्र हे वेळेत व्हावे लागते. उशीर झाला की पिळलेल्या जागेचे रक्त तुटते, मग फळीही कामाची नाही आणि डॉक्टरही.

दहाला तो आपली छोटी मोटार घेऊन निघाला. अकराच्या आत डांबरी रस्ता सोडला आणि पहिल्याच चढावर गाडी बसली. मागची चाके खड्ड्यात, पुढची जागच्या जागी गरगर फिरणारी. दगड घातले, झावळ्या घातल्या, अंगातला रेनकोट काढून चाकाखाली घातला. बारा वाजले तेव्हा गाडी तिथेच सोडून तो पायी निघाला. साडेतीन किलोमीटरचा चढ, वर पाऊस, हातात औषधांची पेटी. सव्वा वाजता पोचला तेव्हा म्हैस गेली होती, आणि पोटातले रेडकूही.

त्या घरात एक म्हातारी आणि तिचा नातू. म्हैस कर्जाऊ घेतलेली, आणि घरातली रोजची रोकड तेवढीच. म्हातारी रडली नाही, बोलली नाही. चूल पेटवली आणि म्हणाली, "च्या घ्या डाक्टर, लई भिजलासा." निघताना तिने त्याच्या हातात दोनशे रुपये ठेवले. त्याने परत केले, तिने पुन्हा ठेवले. पहाटे तो घरी आला, तेव्हा म्हशीबद्दल एका वाक्यात बोलला. त्या चहाबद्दल मात्र अजून बोलतो. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, आण्णा."

आणि आठ दिवसांनी त्याने जाहीर केले, की आपण जीप घेणार.

आता आमच्या आजऱ्याची एक गंमत पाहा. कर्णावर 'मृत्युंजय' लिहिणारे शिवाजी सावंत याच गावात १९४० साली जन्मले. ऐन लढाईत रथाचे चाक भूमीने गिळणे म्हणजे काय, हे आमच्या गावाला समजावून सांगायला नको. डॉक्टर म्हणतो, कर्णाच्या रथाला चारी चाकांचा जोर असता तर महाभारत वेगळे झाले असते. मी त्याला म्हटले, तो शाप होता, तिथे गिअर चालत नाहीत.

पण हा चारी चाकांचा जोर म्हणजे काय, हे मला महिनाभर कळत नव्हते. शेवटी आमच्या बाजारपेठेतल्या मिस्त्रीने समजावले. साध्या मोटारीत इंजिनाचा जोर दोनच चाकांकडे जातो, आणि त्या दोघांमध्ये एक वाटणी करणारी पेटी असते. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरावे लागते, म्हणून ती हवीच. पण तिच्यात एक खोड आहे. एका चाकाने चिखलात अंग टाकले, की दुसऱ्यालाही तेवढाच दुबळा जोर मिळतो. जुवाखालचा एक बैल बसला, तर दुसऱ्याने कितीही मनात आणले तरी गाडी हलत नाही, तसे. जीपमध्ये मागचीही चाके आणि पुढचीही चाके ओढतात. शिवाय 'लो' नावाचा एक निराळा गिअर असतो; त्यात गाडी बैलाच्या चालीने चालते, पण ओढ कितीतरी पटीने वाढते. काही गाड्यांत ती वाटणी करणारी पेटी कुलूप घालून बंदही करता येते; मग दोन्ही बैलांना उठावेच लागते. हा जोर कोरड्या डांबरावर मात्र लावायचा नसतो, नाहीतर टायर आणि यंत्र दोन्ही कुरकुरतात. एवढे सांगून मिस्त्री म्हणाला, "पर सर, आधी टायर बगा. गुळगुळीत टायरला चार न्हाई, धा चाकांचा जोर दिला तरी काय हुतंय?"

मला हा माणूस फार आवडला, कारण त्याचा सल्ला स्वस्त होता. छोट्या मोटारीला खोल नक्षीचे नवे टायर घातले आणि श्रावणात तिला पुन्हा त्याच वाटेला घातले. चिखल तिने पार केला. पण पुढे ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या इतक्या खोल, की मधल्या उंचवट्यावर तिचे पोटच टेकले. चाकोरी सोडू नये असा उपदेश आम्ही मराठीचे शिक्षक करीत आलो आहोत. ज्याने तो प्रथम केला, त्याची गाडी उंच असावी.

वडील असते तर त्यांनी या सगळ्याला साफ नकार दिला असता. त्यांच्या पिढीला जीप म्हणजे सरकार. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात पंचायत समित्या आल्या, तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. गटविकास अधिकाऱ्याची जीप गावात शिरली की मुले मागे धावत आणि थकबाकीदार परसातून पसार होत, असे ते सांगत. त्या जीपची कुळकथाही वाचण्यासारखी आहे. महिंद्रा आणि मोहंमद अशी ही पेढी १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी निघाली. स्वातंत्र्याच्या सुमारास तिने अमेरिकन विलिस जीपचे काम हाती घेतले. फाळणी झाली आणि भागीदार गुलाम मोहंमद पाकिस्तानात जाऊन तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. १९४८ साली पेढीच्या नावातला मोहंमद गेला आणि तिथे दुसरा महिंद्रा आला. एक भागीदार देश चालवायला गेला आणि दुसरे जीप चालवीत राहिले. कोणाचा मार्ग अधिक खडबडीत निघाला, ते वाचकांनीच ठरवावे!

तर, आम्ही दोघे भाऊ कोल्हापूरला गाड्या पाहायला गेलो. दुकानाचे नाव सांगत नाही. टाय लावलेल्या एका तरुणाने आम्हाला गार पाणी दिले आणि काचेचे छप्पर, गाण्यांचा पडदा, आसनातून येणारी थंड हवा असे अर्धा तास दाखवले. डॉक्टरने विचारले, "लो गिअर लावून दाखवता का?" तरुण गोंधळला. आत गेला, कुणाला तरी विचारून आला आणि म्हणाला, "सर, त्याची तशी कुणाला गरज पडत नाही." मग त्याने आम्हाला महामार्गावर चक्कर मारून आणली. फार सुरेख चालली. तिथे आमची मोटारही सुरेखच चालते.

कराचा प्रकारही मला तिथेच कळला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कर बदलला. चार मीटरांच्या आतल्या आणि पंधराशे सीसीपर्यंत डिझेल इंजिन असलेल्या गाडीला अठरा टक्के, त्याहून मोठीला चाळीस. आता थारचेच घ्या. दोन चाकांनी ओढणारी लहान डिझेल इंजिनाची थार पहिल्या वर्गात बसते, आणि दिसायला ती अगदी तशीच रुबाबदार. चारी चाकांनी ओढणारी मोठ्या इंजिनाची, म्हणून दुसऱ्या वर्गात. म्हणजे कॉलेजच्या फाटकापाशी उभी करायची जीप स्वस्त, आणि म्हशीपर्यंत न्यायची ती चैनीची वस्तू!

घरी येऊन मी वही काढली. डॉक्टर रोजच्या भेटींची नोंद ठेवतो. जून ते सप्टेंबर मी त्या सगळ्या चाळल्या. गाडी वाटेत सोडून पायी जावे लागले, अशा फेऱ्या भरल्या अकरा. उरलेले आठ महिने मोटारसायकल पुरते. मी वही त्याच्यापुढे सरकवली. "अकरा फेऱ्या, आणि कर्ज सोळा लाखांच्या घरात. शिवाय छपराचे काय?" आमच्या घराची कौले तीन वर्षे गळत आहेत आणि त्यासाठी दोघांनी मिळून पैसे बाजूला ठेवले होते. गाडीची पहिली रक्कम त्यातूनच जाणार होती.

त्याने वही वाचली. म्हणाला, "आण्णा, तू फेऱ्या मोजल्यास. या अकरांतली चार जनावरं गेली, ते इथं लिहिलंय, ते तू मोजलं नाहीस."

यावर मी गप्प बसलो. पण पटले असे नव्हे. चारही जनावरे जीपने वाचली असती कशावरून? म्हणून दसऱ्याच्या आधी एका काजू कारखानदार स्नेह्याची जुनी, चारी चाकांच्या जोराची जीप मागून घेतली, आणि आदल्या रात्री पाऊस पडलेला पाहून आम्ही दोघे त्याच धनगरवाड्याच्या वाटेला लागलो. जिथे मोटार बसली होती तो चढ जीपने लो गिअरमध्ये गुरगुरत असा चढला, की मला तिच्याविषयी आदर वाटू लागला. चाकोऱ्या ओलांडल्या, घसरण ओलांडली, अडीच किलोमीटर झाले. आणि मग ओढा आला. पावसाचे पाणी कमरेइतके, आणि वर साकव. लाकडाचा, दोन माणसे शेजारी चालू शकणार नाहीत एवढा अरुंद. नव्या थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा साडेसहाशे मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांहून थोडी अधिक. कमरेइतक्या पाण्यापुढे तीही अलीकडेच थांबणार.

पलीकडून एक वृद्ध धनगर आला. साकवावर उभा राहून त्याने जीप निरखली. "गाडी लई दांडगी हाय डाक्टर," तो म्हणाला. "पर म्हस पल्याड हाय."

मला वाटले, संपला वाद. मी जिंकलो. डॉक्टर मात्र घड्याळ पाहत होता. साकव ओलांडून आम्ही दीड किलोमीटर चाललो. अर्धा तास लागला. वर पोचल्यावर त्याने मला सरळ हिशेब सांगितला. त्या रात्री ही गाडी असती तर अकरा वाजता तो ओढ्यावर आला असता आणि साडेअकराच्या आत गोठ्यात. सव्वा वाजता नव्हे. "म्हैस कधी गेली?" त्याने म्हातारीच्या नातवाला विचारले. पोराने आठवून सांगितले, बारा वाजून गेल्यावर. अर्ध्या तासात पीळ सुटला असता की नसता, हे डॉक्टरही छातीवर हात ठेवून सांगत नाही. पण फळी गोठ्यात होती आणि माणसे जमली होती. म्हातारी चहा घेऊन आली. मी तो प्यालो. तो चहा त्याला का लागला, ते मला तिथे समजले.

रात्री जेवताना मी वही उघडलीच नाही. आईनेच विषय काढला. छपराचे पैसे तिच्याच नावावर आहेत. ती म्हणाली, "बादल्या आहेत घरात. आणखी एक पावसाळा ठेवू." आमच्या सौ.नी लगेच विचारले, की काचेचे छप्पर नसलेली गाडी मिळते ना? घरात गळते तेवढे पुरे!

दसऱ्याला गाडी नोंदवली. चारी चाकांची, पण शोभेचे काही नाही. गाण्यांचा पडदा नको म्हटल्यावर टायवाल्या तरुणाला आमची कीव आली असावी. पाडव्याला ती दारात येईल. हप्ते सात वर्षांचे आहेत. तेवढ्यात माझी मुलगी कॉलेजात जाईल आणि डॉक्टरच्या गुडघ्यांना डोंगर झेपेनासे होतील, हे मी मनात मोजले आहे, बोललो नाही.

ओढा मात्र आहे तिथेच आहे. त्यासाठी डॉक्टरने औषधांची हातातली पेटी सोडून पाठीवर बांधायची पिशवी शिवायला टाकली होती, ताडपत्रीची, आतून दोन कप्प्यांची. काल ती शिंप्याकडून आली. सुया, दोर, हातमोजे तो भरत बसला होता. मधला मोठा कप्पा आईने आधीच अडवला. त्यात तिने एक कोरडा सदरा आणि टॉवेल घडी करून ठेवला.